गाव विचार, मग वही काढ

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

बेळगावात बेघरांसाठी काम करायचं ठरवलंस, बरं वाटलं. निवाऱ्यात खाटा किती असतात, असं विचारलंस. ते गणित सोपं आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान ही शहरी गरिबांसाठीची केंद्राची योजना 2024 पर्यंत होती; तिच्या नियमानुसार 1 लाख वस्तीमागे किमान 100 जणांची कायमच्या निवाऱ्यात सोय हवी होती आणि माणशी निदान 50 चौरस फूट जागा. 2011 च्या जनगणनेत बेळगाव 5 लाखांच्या घरात होतं. महापालिकेत बोलताना हा हिशोब तोंडपाठ असू दे.

स्टँडवर झोपणारा माणूस मात्र खाट रिकामी असूनही येत नाही. का येत नाही, ते त्यालाच विचार. हमाल असेल तर पहाटे भाजीच्या गाड्या लागतात तिथं त्याला हजर राहावं लागतं. नवरा-बायको वेगवेगळ्या खोल्यांत झोपायला तयार नसतात. कुणाला गोणीतला संसार चोरीला जाईल ही धास्ती. आणि बऱ्याच जणांना वाटतं, ही मंडळी गाडीत घालून, भिकाऱ्यांना ठेवतात त्या सरकारी निराश्रित केंद्रात नेणार. कर्नाटकात 1975 च्या भिक्षाबंदी कायद्याने भीक मागणाऱ्याला पकडून नेता येतं, तेव्हा ती भीती उगाच नाही. म्हणून पहिल्या रात्री वही काढू नकोस. चहा घे, गाव विचार.

आपल्या भागात गावावरच सगळं अडतं. समज, महाराष्ट्रातल्या चंदगडकडची एक म्हातारी आयुष्यभर इथं बेळगावच्या शहापुरात धुणीभांडी करत, मालकांच्याच पडवीत राहिली. मालकीण वारली, घर विकलं, ही रस्त्यावर. तिचं महाराष्ट्राचं अंत्योदय कार्ड असेल तर त्यावरचं धान्य इथल्या दुकानात मिळायला हवं. दुकानदार आधी नाहीच म्हणेल, तू हलू नकोस. पेन्शनचं तसं नाही. श्रावणबाळ महाराष्ट्राची, संध्या सुरक्षा कर्नाटकाची, आणि दोन्हीकडे तिथला रहिवास दाखवावा लागतो. हे म्हणतात तिकडे जा, ते म्हणतात इकडे. मग नवखे कार्यकर्ते घाईनं इथले कागद करायला घेतात, नि म्हातारीला तर भावाच्या गावी परत जायचं असतं! आधी तिला कुठं राहायचंय ते ठरू दे. आठवडे गेले तरी चालतील.

आधार हरवलं म्हणून नवं काढायला धावू नकोस. बोटांचे ठसे आधीच नोंदलेले असतील तर तो अर्ज फेटाळला जातो; जुना नंबरच शोधून काढायचा. भांडी घासून ठसे झिजलेले असतात, तेव्हा डोळ्यांवरून बघा म्हणून आग्रह धर.

शेत मुलाच्या नावावर करून दिलं आणि त्यानंच बाहेर काढलं, असेही भेटतील. सांभाळशील या अटीवर दिलं असेल तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. आपल्याकडे हा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे चालतो. पण आई मुलावर केस घालायला सहसा तयार होत नाही. कायदा तिला समजेल असा सांग आणि गप्प बस. तुझा राग तिच्या सहीनं काढायचा नाही.

मनानं आजारी, भरकटलेलं कुणी दिसलं तर पोलिसांना कळव. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याला 24 तासांत सरकारी दवाखान्यात पोचवणं त्यांचं काम आहे. तू बरोबर जा, नाहीतर तो परत स्टँडवरच दिसेल.

कन्नड लिहा-वाचायला आत्ताच शीक. इथं मराठी-कन्नड वादावर तावातावानं बोलणारे पुष्कळ, पण म्हातारीचा कन्नड अर्ज भरून देणारं कुणी सापडत नाही.

सोमवारी मी नाडकचेरीत, म्हणजे दाखले-पेन्शनचे अर्ज घेणाऱ्या सरकारी कचेरीत, जाणार आहे. यायचं असेल तर ऑफिस उघडायच्या आधी ये, दुपारनंतर सर्व्हरचं काही खरं नसतं.

तुझी,
मावशी