आल्याच्या कुळातली वनस्पती नवी प्रजाती आहे, हे कशावरून ठरतं?

मुख्यतः फुलावरून, तेही ताजं असताना. आलं, हळद, वेलदोडा यांच्या कुळात पानं इतकी सारखी दिसतात की नुसत्या पानांवर विसंबूच नये. फुलातली सर्वांत देखणी, ओठासारखी पाकळी ही खरं तर पाकळी नसतेच! वांझ पुंकेसर जुळून ती बनते. तिचे ठिपके, कडा, परागकोशावरचा तुरा हे सगळं बारकाईनं बघावं लागतं. पण फूल बहुधा दिवसभरात कोमेजतं, दाबून वाळवलं की चोळामोळा होतो. म्हणून जागेवरच फोटो काढायचे, एखादं फूल अल्कोहोलमध्ये ठेवायचं. मग जुन्या नमुन्यांशी ताडून पाहायचं. खरा वेळ इथेच जातो. वेगळेपण टिकलं, तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या प्रजातीचा प्रमाण नमुना, म्हणून वनस्पतिसंग्रहालयात ठेवून वर्णन प्रसिद्ध करतात. २०१२ पासून ते लॅटिनऐवजी इंग्रजीतही चालतं.