आम्ही सोलापूरला राहतो. आजोबांनी दुसऱ्या महायुद्धातून आणलेला हवाई दलाचा ध्वज संग्रहालयाला द्यायचा आहे; त्यावर तांबडा ठिपका आहे, तर तो खरा असेल का?

तांबड्या ठिपक्यावरून ध्वज खोटा ठरत नाही. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांच्या तांबड्या वर्तुळाशी गल्लत होऊ नये म्हणून भारतीय आणि ब्रिटिश विमानांवरील चक्रातून, म्हणजे ओळखीच्या गोल चिन्हातून, तांबडा रंग काढण्यात आला होता. ब्रिटिश हवाई दलाच्या 1921 पासूनच्या ध्वजात मात्र आकाशी कापड, कोपऱ्यात युनियन जॅक आणि मधोमध तांबडा ठिपका असलेले तांबडे-पांढरे-निळे चक्र असे. खरी कसोटी कापडाची आहे: त्या काळी ध्वज बहुधा लोकरी किंवा सुती कापडाचे असत, त्यामुळे नायलॉन आढळल्यास शंका घ्यावी. चादरींच्या सोलापुरात ही पारख करणारी जाणती माणसे नक्की भेटतील.

ध्वज धुऊ नका, इस्त्री करू नका, फाटलेली कडही शिवू नका, कारण डाग आणि जुनी शिलाई हाच त्याचा पुरावा असतो. घडी न घालता तो आम्लरहित कागदासह नळीवर गुंडाळून, सोलापूरच्या कडक उन्हापासून दूर ठेवावा. आजोबांची सेवापुस्तिका, छायाचित्रे आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून सोबत द्याव्यात. माझ्या मते याविना ध्वजाचे निम्मे मोल हरवते. दिल्लीतील पालम येथील हवाई दल संग्रहालयाशी आधी पत्रव्यवहार करावा आणि लेखी दानपत्र झाल्यावरच ध्वज सुपूर्द करावा.