सहा हजारांची केस की घरातली गोधडी?

देसाईगंज तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. दोन एकर धानाची शेती, भाऊबीजेपासून होळीपर्यंत झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, एका नाटक कंपनीत बेस गिटार आणि उन्हाळ्यात लग्नाचे ऑर्केस्ट्रा. गेल्या हंगामात ५५ नाईट, म्हणजे रात्रभरचे प्रयोग, झाल्या, नाईटला ११०० रुपये मिळाले. गिटार २२ हजारांची. ती आतापर्यंत पातळ कव्हरात, वरून गोधडी गुंडाळून फिरत होती. कव्हरची झिप गेली. नागपूरच्या दुकानात त्यांना तीन गोष्टी दाखवल्या. पहिली, नवं साधं कव्हर, १५०० रुपये. दुसरी, कडक फोमची केस, वरून नायलॉनचं कापड, वजन पावणेतीन किलो, किंमत ६२००. तिसरी, प्लायवूडची हार्ड केस, सहा किलो, १२ हजार. रोख दिले तर १०,८००, नाहीतर महिना हजाराचे १२ ‘बिनव्याजी’ हप्ते आणि ४९९ रुपये प्रोसेसिंग. बँकेत १६ हजार आहेत. त्यातले नऊ हजार धानाच्या कापणी-मळणीला लागणार. साळा म्हणतो, घ्यायची तर एकदाच मजबूत घ्या. बायको म्हणते, कापणी तोंडावर आली, गोधडीच बरी. यातलं काय घेऊ, आणि २२ हजारांच्या वस्तूवर एवढा खर्च करावा का, असा त्यांचा प्रश्न.

भाऊ, तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. ‘मागच्या पौषात कपड्यांची पेटी गिटारवर पडली, तिच्या डोक्यापाशी तडा गेला, २८०० रुपये देऊन चिकटवून आणली, सहा नाईट बुडाल्या.’ तुम्ही हे ओघात लिहून पुढे गेलात, पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच ओळीत आहे. सहा नाईटचे ६६०० आणि दुरुस्तीचे २८०० मिळून ९४०० रुपये झाले. त्यात नागपूरच्या दोन खेपांचं भाडं धरलेलं नाही. म्हणजे फोमच्या केसच्या दीडपट पैसा तुम्ही एका रात्रीत भरून बसलात आणि हातात केसही आली नाही.

त्यामुळे ‘२२ हजारांच्या वस्तूवर सहा हजारांची खोळ कशाला’ हा हिशोब मला पटत नाही. केस राखते ती तुमची ६० हजारांची हंगामी कमाई. वडसा, म्हणजे तुमचं देसाईगंज, ही झाडीपट्टीच्या नाटकांची राजधानी असली तरी तिथे आयत्या वेळी दुसरी बेस गिटार भाड्याने मिळत नाही. तबला मिळेल, ऑर्गन मिळेल, ऑक्टोपॅडही कोणी देईल. गिटार मोडली तर तुम्ही घरी आणि कंपनी पुढच्या गावी.

आता तिन्ही वस्तूंना नाईटने भागून पाहू. साधं कव्हर तुमच्या वापरात ८० नाईट टिकलं तर नाईटला १९ रुपये पडतात. फोमची केस पाच हंगाम चालली तर २७५ नाईट, म्हणजे साडेबावीस रुपये. हार्ड केस आठ हंगाम धरली तर ४४० नाईट, रोखीच्या भावाने साडेचोवीस. टिकण्याचे हे आकडे माझा अंदाज आहेत, तुम्ही हवे तसे कमीजास्त करा. या आकड्यांनी तरी फरक पाच-सहा रुपयांचाच राहतो, मंडईच्या जत्रेतल्या अर्ध्या चहाचा. मग भावावर भांडण कशाला? बघायचं ते एवढंच की कुठली वस्तू गिटार वाचवते, कुठली तुमचा खांदा वाचवते आणि कुठली आत्ताच्या सोळा हजारांना झेपते.

वाचवण्याचं आधी. बेस गिटारच्या तारांची लांबी साधारण ३४ इंच असते, साध्या गिटारची साडेपंचवीसच्या आसपास. पूर्ण वाद्य जवळपास ४६ इंच भरतं. लांब मान आणि टोकाला चार जड खुंट्या, त्यामुळे गिटार उताणी पडली की धक्का शरीराला न बसता डोक्याच्या मुळाशी बसतो. तुमचा तडा तिथलाच. साध्या कव्हरात पाच-दहा मिलिमीटरचा फोम असतो. तो ओरखडा अडवतो, पण आपटणं अडवत नाही. चांगल्या केसमध्ये मानेखाली उंच उशी असते आणि डोकं अधांतरी राहतं, ते मागच्या भिंतीला टेकतच नाही. केस उताणी पडली तरी भार मानेच्या मधल्या भागावर जातो. या एका उशीचे पैसे आहेत म्हणा ना. फोमच्या आणि प्लायवूडच्या दोन्ही केसांमध्ये ती असायला हवी. नसेल तर ती केस फक्त महाग कव्हर आहे.

माझे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. एका वर्षी गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला जाताना ती पेटी गोधडीत बांधून एसटीच्या टपावर टाकली होती. वाटेत परतीचा पाऊस लागला. गोधडी पाणी पिऊन बसली आणि पेटी रात्रभर त्या ओल्या गोधडीत. भात्याचा सरस सुटला तो सुटलाच. घरात सगळे म्हणायचे, एवढी जाड गोधडी होती! कापूस पाणी धरून ठेवतो, हे वऱ्हाडातल्या माणसाला कोणी सांगायला हवं का? वहिनींनाही हे सांगून बघा. त्यांचा मुद्दा पैशाचा आहे आणि तो बरोबर आहे, त्यावर पुढे येतोच. पण गोधडी हा त्यावरचा उपाय नाही.

मग हार्ड केस का नको? ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुमची गिटार साधारण चार किलोची. सहा किलोच्या केसमध्ये ती दहा किलो होते. तुम्ही लिहिलंय की गावापासून ११ किलोमीटर मोटरसायकलने जाता, तिथून कंपनीची गाडी घेते, आणि पहाटे नाटक सुटलं की तसंच परत. पौषाच्या थंडीत, रात्रभर जागून, पाठीवर दहा किलोचा लांबोडा. तोही बऱ्याच हार्ड केसना पाठीचे पट्टेच नसतात, एका हाताने धरायची मूठ असते. गाडी चालवताना ती धरणार कशी? दोन नाईटनंतर केस घरी राहील आणि गिटार पुन्हा गोधडीत जाईल, हे मी आत्ताच लिहून देतो. फोमची केस भरून पावणेसात किलोच्या घरात राहते आणि पाठीवर बसते. फोमचा आणखी एक गुण म्हणजे ऊन-थंडी आत हळू शिरते. थंडीतून एकदम मंडपातल्या दिव्यांखाली नेलं की सूर उतरतो-चढतो, ते थोडं कमी होतं. मे महिन्यात बंद गाडीत मात्र कुठल्याच केसमध्ये ठेवू नका, आपल्याकडच्या ४५ अंशांत सरसही नरम पडतो.

इथे माझं म्हणणं उलटवणारी एक गोष्ट आहे, ती आधी तपासा. कंपनीच्या गाडीत गिटार कुठे असते? तुमच्या मांडीशी असेल तर फोमची केस पुरे. पडदे, लाईट आणि कपड्यांच्या लोखंडी पेट्यांखाली जात असेल तर नाही. कडक फोम आपटणं झेलतो, पण पेटीचा कोपरा रुतला की तडकतो, आणि मागच्या वर्षी तुमच्या गिटारवर पेटीच पडली होती. मॅनेजरशी बोला. वाद्य माणसांच्या गाडीत, माणसासोबत जाईल एवढं कबूल करून घ्या. ते जमत नसेल तर मात्र साळा जिंकला. पण तेव्हाही १२ हजारांची दुकानातली केस नको. सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायची पेटी करून घ्या, आतून फोम लावा. तिचंच वजन नऊ-दहा किलो होईल, पण ती हंगामभर कंपनीच्या गाडीतच राहणार. गावापासून गाडीपर्यंत गिटार जुन्या कव्हरात न्यायची, नवी झिप लावून.

आता पैसे. हप्त्याचं आधी निकालात काढू. रोख १०,८०० ची वस्तू, पहिल्याच दिवशी ४९९ दिले, म्हणजे तुम्हाला खरं कर्ज मिळालं १०,३०१ रुपयांचं. फेडणार १२ हजार. महिन्याला शेकडा अडीचच्या जवळ पडतं, वर्षाचे सुमारे २९ टक्के. सावकार शेकडा अडीच म्हणाला असता तर तुम्ही उठून आला असता. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज नावाची गोष्टच नसते. व्याज असतंच, फक्त ते किमतीत, सुटीत नाहीतर फीमध्ये बसवलेलं असतं. शिवाय तुमची नाटकाची कमाई पाच महिन्यांची आणि हप्ते बारा महिन्यांचे. रोवणीच्या दिवसांतला हप्ता कुठून भरणार?

पीक कर्जातले उरलेले पैसे वापरू का, असंही विचारलंत. नको. मुदतीत फेडलं तर ते बिनव्याजी, हीच त्याची सगळी गंमत. ते धानाच्या बांधीसाठी असू द्या.

१६ हजारांतून ९ हजार कापणीचे बाजूला काढले की ७ उरतात. त्यातून ६२०० दिले तर हातात ८०० रुपये. धानाचे चुकारे कधी जमा होतील हे आपल्याकडे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि मधे लेकराला ताप आला तर? वहिनींचा मुद्दा हाच आहे, आणि इथे मी त्यांच्या बाजूने आहे. खिशातून २२०० च्या वर काढू नका. ४८०० घरात राहू द्या. उरले चार हजार.

ते दोन ठिकाणी मिळू शकतात असं तुमच्या पत्रातून दिसतं. कंपनीची उचल बिनव्याजी मिळते आणि पहिल्या दहा नाईटमधून कापली जाते. वहिनींच्या बचत गटात शेकडा दोनने मिळतात. वरवर पाहता उचल स्वस्त. पण तुम्ही यंदा नाईटमागे ५० रुपये वाढवून मागणार आहात ना? उचल घेऊन बसलेल्या माणसाला वाढ मागायला तोंड राहत नाही, आणि मॅनेजरला ते पक्कं ठाऊक असतं. ५५ नाईटचे ५० प्रमाणे २७५० रुपये होतात. गटाचं व्याज तीन महिन्यांचं, मुद्दल शेवटी एकदम फेडली तरी, २४० रुपये. मी गटाकडे जाईन. वाढ आधीच ठरून कागदावर आली असेल तर मात्र उचल खुशाल घ्या.

गटाचं कर्ज वहिनींच्या नावावर असेल, म्हणून भाऊबीजेनंतरच्या पहिल्या चार नाईटचे पैसे सरळ त्यांच्या हातात द्या. ‘देतो, देतो’ म्हणत होळी येते, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.

गिटारचा विमा काढता येतो का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. अशा वस्तूंच्या पॉलिसी असतात, पण एका वाद्यासाठी त्यामागे धावण्यात अर्थ नाही. तुम्ही मात्र रात्रभर वाजवून पहाटे मोटरसायकल चालवता. बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरलाय का? वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण, पैसे खात्यातून आपोआप कापले जातात. नसेल भरला तर केसच्या आधी ते करा. आणि हेल्मेट. पाठीवर केस असली की तिचं टोक डोक्याच्या वर जातं, बाभळीच्या फांद्यांखालून जाताना ध्यानात ठेवा.

दुकानात गेलात की आधी विचारा, ही केस बेसची आहे की साध्या गिटारची. साध्या गिटारच्या केसमध्ये बेस वाकडी करूनही बसत नाही, आणि घाईत चुकीची गळ्यात पडते. आतली लांबी टेपने मोजून घ्या. मानेखालची उशी हाताने दाबून बघा. बोट रुतून परत वर येत नसेल तर ती वर्षभरात बसेल. खांद्याचे पट्टे जिथे शिवलेत तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई हवी, नुसती एक सरळ टीप नको. झिप पूर्ण उघडून दोनदा लावा, कोपऱ्यावर अडते का पाहा. मग गिटार आत ठेवून, केस बंद करून, पाठीवर घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढून-उतरून या. मालक हसेल, हसू द्या. यासाठी गिटार सोबत न्यावी लागेल, आणि ही एक खेप तेवढी गोधडीत चालेल. पावसाचा रंग दिसला तर वरून खताच्या पोत्याचं प्लास्टिक बांधा.