व्हॅलेंटाइनचा माल भरू की नको? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं (2021 च्या व्हॅलेंटाइनआधी, कोरोनाच्या काळातली)

प्रश्न : राजवाड्यामागे आमचं गिफ्ट-ग्रीटिंगचं छोटं दुकान आहे. मागचा व्हॅलेंटाइन बरा गेला, मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि राखी, दिवाळी दोन्ही अर्धीच झाली. कॉलेजची गर्दी अजून नाही. माल भरू का? आणि जाहिरात केली तर लोक म्हणतील, कोरोनात याला प्रेम सुचतंय. (एक दुकानदार, इंदूर)

उत्तर : दादा, भरा, पण मागच्या वर्षीचं गिऱ्हाईक डोक्यात ठेवून भरू नका. अमेरिकेत नॅशनल रिटेल फेडरेशन म्हणून संस्था आहे, तिचा 2020 चा व्हॅलेंटाइनच्या खर्चाचा आकडा 27.4 अब्ज डॉलर होता, या 2021 साठी अंदाज 21.8 अब्ज. म्हणजे कमी झालं, पण बुडालं नाही, आणि फटका जास्त बसला तो बाहेर जेवायला जाण्याला. आपल्याकडे पण जी जोडी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत उभी राहून खाणार होती ती आता घरीच बसणार, आणि यंदा 14 तारखेला रविवार, म्हणजे नवरा दिवसभर घरातच, त्याला काहीतरी आणावंच लागणार.

पण तुमचं खरं गिऱ्हाईक मला वेगळंच दिसतंय. पुणे-बंगलोरहून वर्क फ्रॉम होमवर परत आलेली पोरं बघा, पगार चालू, खर्च काही नाही, सुदामा नगरात आईच्या हातची पोळी खातायत आणि त्यांचं माणूस तिकडे नागपूरला नाहीतर हैदराबादला अडकलंय. यांना पार्सल पाठवायचंय, आणि तिकडे घरात आईवडील बसलेत ज्यांना अजून काहीच माहिती नाही! म्हणून भिया, बाहेरून साधा खाकी डबा, वर बदाम नको, टेडीचं चित्र नको, पाठवणाऱ्याचं नाव तो सांगेल तेच. बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा, 'साधं पॅकिंग मिळेल'. माझ्या मते डिस्काउंटपेक्षा हे जास्त चालेल. आणि कुरियरला वेळ लागतो, त्यामुळे बाहेरगावची ऑर्डर कोणत्या तारखेपर्यंत घेणार ते आजच कुरियरवाल्याला विचारून लिहून टाका.

मालाचं म्हणाल तर फोटो छापायचे मग-उशी ऑर्डर आल्यावरच करायचे, यूपीआयने ॲडव्हान्स घेऊन. टेडी राहिला तरी वाढदिवसाला जातो, चॉकलेट घेताना एक्सपायरी बघा. गुलाबाचा साठा अजिबात नको. पुण्याकडे मावळातले पॉलिहाउसवाले याच दिवसांसाठी गुलाब धरतात आणि चांगला माल एक्सपोर्टला जातो, भाव चढतो, तर जेवढी ऑर्डर तेवढाच उचला. 12 तारखेच्या हग डेचं काय करायचं ते मात्र मला विचारू नका, दोन गज की दूरीमध्ये तो दिवस कसा बसवायचा देव जाणे.

जाहिरातीला पेपरात पैसे घालू नका. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग टाकता येतो, फोटो आणि भाव दोन्ही, म्हणजे 'हे केवढ्याला' विचारायला गर्दी होणार नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज एकदम सगळ्यांना वेगवेगळा पाठवायची यादी) 256 नंबर बसतात, पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह असेल त्यालाच मेसेज पोचतो, हे बऱ्याच दुकानदारांना माहितीच नसतं आणि मग म्हणतात रिस्पॉन्स नाही. म्हणून बिल देतानाच सांगा, नंबर सेव्ह करून घ्या. जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या प्रायव्हसी नियमांची भानगड झाली, त्यानंतर काहीजण सिग्नल या दुसऱ्या मेसेज ॲपवर गेले, पण मावश्या-काकवा सगळ्या इथेच आहेत.

लोक काय म्हणतील याची भीती असेल तर 'लॉकडाऊनमधलं प्रेम' वगैरे विनोद टाळा, बस. कुणाच्या घरात काय झालंय आपल्याला माहिती नसतं.

प्रश्न : मी घरून बुके आणि केक करते. '100 टक्के व्हायरस फ्री' असं लेबल लावलं तर लोकांना भरवसा वाटेल ना?

उत्तर : ताई, लावू नका. हे सिद्ध कसं करणार? नवा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झालाय आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. जे खरंच करता ते लिहा : मास्क लावून पॅक केलं, किती वाजता केलं, डिलिव्हरी गेटवर ठेवून फोन करणार. केकसाठी एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचं) रजिस्ट्रेशन नसेल तर आधी ते करून घ्या, वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला 2021 मध्ये वर्षाची 100 रुपये फी आहे, आणि तो नंबर लेबलवर आला की भरवसा आपोआप वाटतो.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये कोरोनाने माझे मेहुणे गेले. बहिणीला एका दागिन्यांच्या दुकानातून रोज मेसेज येतो, 'यंदा नवऱ्याला सरप्राइज द्या'. ती फोन उचलून बाजूला ठेवते. हे बंद कसं करायचं?

उत्तर : साध्या एसएमएसने येत असेल तर तिच्या फोनवरून 1909 ला इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट 0' पाठवा, जाहिराती बंद करायची ही सोय आहे. व्हॉट्सॲपवर असेल तर ब्लॉक करा, पण त्याआधी दुकानाला एक फोन तुम्हीच करा, बहिणीला करायला लावू नका. दुकानदाराने मुद्दाम केलेलं नसतं, यादीत नाव पडून असतं एवढंच.

आणि वरच्या दुकानदार दादांनी पण हे वाचावं. ब्लूम अँड वाइल्ड या ब्रिटनमधल्या फुलांच्या कंपनीने 2019 मध्ये मदर्स डेच्या आधी गिऱ्हाइकांना विचारलं होतं की या दिवसाचे ईमेल तुम्हाला नको आहेत का. तुम्ही 256 जणांना पहिला मेसेज टाकाल त्यात हीच ओळ घाला, 'फेब्रुवारीच्या ऑफरचे मेसेज नको असतील तर फक्त 'नको' लिहा', आणि ज्यांनी लिहिलं त्यांना कारण न विचारता त्याच दिवशी लिस्टमधून काढा.