८ संघांची रविवारची फुटबॉल लीग, मैदान एकच. नियोजन कसं करावं?

आधी वेळ मोजा. ३५ मिनिटांचे दोन हाफ आणि १० मिनिटांचं मध्यंतर मिळून ८० मिनिटं होतात. रेंगाळणं धरून प्रत्येक सामन्याला ९० मिनिटं द्या, म्हणजे एका रविवारी ६ तासांत ४ सामने उरकतात. सगळे एकमेकांशी एकदा खेळले तर २८ सामने, म्हणजे ७ रविवार. परतीची फेरी ठेवली तर १४. पावसासाठी दोन-तीन रविवार मोकळे सोडा, पण सगळे शेवटी नकोत, अधूनमधून हवेत.

जोड्या लावायला नावं ४-४ च्या दोन ओळींत लिहा. वरचे आणि खालचे समोरासमोर खेळतील. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यातला एक संघ जागेवर ठेवून उरलेले ७ एकेक घर गोल सरकवा. पहाटेचा सामना आळीपाळीने द्या, कारण माणसं न जमण्याचा घोळ तिथेच होतो. संघात ७ पेक्षा कमी खेळाडू असले तर नियमानेच सामना सुरू होत नाही. १५ मिनिटं वाट पाहा, मग समोरच्याला ३-० विजय द्या आणि गैरहजर संघाच्या अनामतीतून रेफरीचं मानधन कापा. अनामत न घेता लीग सुरू करू नका.

खरी डोकेदुखी मैदानाबाहेरची. हरणारा संघ चौथ्या-पाचव्या आठवड्यात गायब होतो आणि त्याला हरवून मिळवलेल्या गुणांवरून भांडण पेटतं. म्हणून आधीच लिहून ठेवा: निम्म्याहून कमी सामने खेळून सोडलं तर त्या संघाचे सगळे निकाल रद्द, त्यानंतर सोडलं तर उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांना ३-०. दुसरी कटकट म्हणजे ऐनवेळी आणलेला तगडा पाहुणा खेळाडू. फोटोसह नोंदणी घ्या, प्रत्येकी २० पर्यंत, आणि शेवटच्या ३ फेऱ्यांआधी नोंदणी बंद करा.

गुण समान झाले तर मी गोलफरकाआधी आपसातला सामना बघेन. आठच माणसं घेऊन आलेल्या संघावर कोणी १२ गोल चढवले, तर त्या फरकाला काय अर्थ?

लाइन्समन खेळत नसलेल्या संघांकडून घ्या, पण त्यांनी फक्त चेंडू बाहेर गेल्याचं दाखवावं. ऑफसाइड रेफरीवर सोडा. आणि हलते गोलपोस्ट असतील तर मागच्या दांडीवर वाळूची पोती ठेवून ते पक्के करा. आडव्या दांडीला कोणी लटकलं की असा पोस्ट सरळ अंगावर येतो.