घराण्यात आहे, म्हणजे मलाही होणार का?

लग्न ठरताना किंवा मूल होऊ द्यायचा विचार सुरू झाला की हा प्रश्न हमखास समोर येतो. कुणाच्या आईला आजार असतो, कुणाच्या काकांनी आत्महत्या केलेली असते. अलीकडे ‘पिढीजात आघाता’ची भर पडली आहे. आजीचं दुःख आपल्या जनुकांत कोरलेलं आहे आणि ते आता निघणार नाही, असं रील्स बघून लोक धरूनच चालतात.

शुभांगी (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) मूळची उमरगा तालुक्यातली, नोकरी पुण्यात. मूल हवं होतं, पण धीर होत नव्हता. मामाला स्किझोफ्रेनिया, आई कमालीची भित्री, आणि हिला स्वतःला पहाटे धडधडून जाग यायची. “तिसरा नंबर माझाच,” असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

अशा वेळी मी आधी घराणं कागदावर मांडायला लावते. तीन पिढ्या, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. प्रत्येकापुढे त्रास नेमका काय, तो सुरू झाला तेव्हाचं वय आणि कोणतं औषध लागू पडलं. ‘डोकं फिरलं’, ‘स्वभावच तसा’ एवढंच लिहून भागत नाही. झोप किती दिवस उडाली होती? कानात आवाज यायचे का? दारू होती का? कामधंदा सुटला का? हे घरातल्या जुन्या माणसाला विचारावं लागतं. शेवटी घरावर आलेल्या संकटांची रांग, सालासकट. नुसत्या आजारांच्या यादीपेक्षा ही रांग मला जास्त बोलकी वाटते.

शुभांगीने मामापुढे लिहिलं होतं, ‘१९९३, भूकंपाने डोकं फिरलं.’ मोठ्या मावशीला फोन करून वय विचारायला सांगितलं, तेव्हा कळलं की मामाला आवाज ऐकू येऊ लागले ते कॉलेजात असताना, भूकंपाच्या चार वर्षं आधी. मग संकटांच्या रांगेत किल्लारी आली: ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं गाढ झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली, सुमारे १०,००० माणसं गेली. त्यांत शुभांगीचा दोन वर्षांचा भाऊ होता. ती भूकंपानंतर जन्मली. घरात त्याचं नावही कुणी काढत नसे.

“जाग किती वाजता येते?”

“चारच्या आसपास. थोडी आधीच.”

“लहानपणी कोण उठवायचं?”

“कुणी नाही. आई उठलेली असायची. अंधारात आमचे हात चाचपायची. तिचा हात लागला की मला जाग यायची.”

कागदावरच्या ३.५६ या आकड्यावर बोट ठेवून ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, “मॅडम, मामाचं वेगळं आहे. हे आईचं आहे.”

सगळं अडलं होतं ते इथेच. घराने दोन वेगळ्या गोष्टी एकाच भूकंपाच्या नावावर टाकल्या होत्या, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

मामाच्या आजारात जनुकांचा वाटा मोठा असतो, पण तो एका जनुकाचा नसतो. अडीचशेहून जास्त जागा थोडाथोडा भार टाकतात. स्किझोफ्रेनिया साधारण १०० जणांत एकाला होतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांमध्ये सुमारे १० जणांना, मामा-काकांना असेल तर तीन-चार जणांना. म्हणजे शुभांगीसारख्या भाच्यांमध्ये १०० पैकी ९६ जणांना तो होत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या जनुक चाचणीच्या किटवर पैसे घालवू नका; तुम्हाला आजार होणार की नाही, हे ती सांगू शकत नाही. गांजापासून मात्र कटाक्षाने लांब राहा.

आईची भीती दुसऱ्या वाटेने आली. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत जी बाळं पोटात होती, त्यांच्या जनुकांवरच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनीही वेगळ्या आढळल्या, हे खरं. पण ती उपासमार त्या बाळांनी गर्भात स्वतः भोगली होती. शुभांगी भूकंपावेळी पोटातही नव्हती. तिला मिळाला तो रोज पहाटेचा हात, आणि जे असं शिकलं जातं ते सोडवताही येतं.

कसं? तिने रात्रीच्या सवयी लिहून काढल्या: कडी तीनदा बघणं, चपला दाराकडे तोंड करून ठेवणं, दिवा चालू, उशाखाली टॉर्च. प्रत्येक सवय सोडली तर किती भीती वाटेल, याला ० ते १० गुण दिले. सुरुवात सर्वांत कमी गुणांच्या चपलांपासून. भीती निम्म्यावर येईपर्यंत रोज तेच, मगच पुढची पायरी. लोक थेट दिवा बंद करतात, एका रात्रीत घाबरून सगळंच सोडून देतात. नवऱ्यालाही सांगावं लागलं की दर वेळी “काही होत नाही गं” म्हणू नका. त्या धीराचीच सवय लागते. जाग आलीच तर घड्याळ बघायचं नाही.

गरोदरपणात हा कागद डॉक्टरांना जरूर दाखवावा. घरात कुणाला बायपोलर (उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार) असेल तर नैराश्याची गोळी सुरू होण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना ते कळायलाच हवं, कारण ती एकटी दिली तर उन्माद उसळू शकतो. बायपोलर किंवा बाळंतपणानंतरचा सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) आई-बहिणीला झाला असेल, तर बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे झोपेवर विशेष लक्ष ठेवा. सलग दोन रात्री झोप नाही आणि बोलणं विसंगत होतंय, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चालू असतो.

आणि आईला प्रश्न विचारून एका बैठकीत सगळं वदवून घेऊ नका. शुभांगीने फक्त भावाचं नाव विचारलं. आईने ते सांगितलं आणि पुढच्या महिन्यात स्वतःच उपचाराला यायचं म्हणाली. इतक्या वर्षांनीही अशा आघातावर उपचार लागू पडतात, म्हणून आईसाठी वेगळी वेळ, वेगळा समुपदेशक ठरवला. मायलेकींचं काम एकाच खोलीत सुरू करायचं नव्हतं.