मुलाखतीच्या शेवटी काय विचारावं? 'मागच्या वेळी काय झालं' ते

तुमचा प्रश्न असा आहे: बॅकएंड डेव्हलपर (सर्व्हर आणि डेटाबेसच्या बाजूचा कोड लिहिणारा) म्हणून चार वर्षं झाली, पुढच्या आठवड्यात दोन कंपन्यांच्या मुलाखती आहेत, आणि शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं म्हटलं की तुम्ही 'नाही, सगळं कळलं' म्हणून मोकळे होता. तर तिथे नेमकं काय विचारावं, आणि रजेबद्दल किंवा कामाच्या तासांबद्दल विचारलं तर वाईट दिसतं का?

मी बरीच वर्षं मुलाखती घेते आहे, त्याआधी भरपूर दिल्याही आहेत. दोन्ही बाजूंनी बघून माझं मत पक्कं झालंय की समोरच्याचं मत विचारू नये, मागची घटना विचारावी. 'तुमच्याकडे कामाचा ताण कसा असतो?' याला 'फारसा नसतो' याखेरीज दुसरं उत्तर मी क्वचितच ऐकलंय. पण 'मागच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप उघडावा लागला का? कशासाठी?' असं विचारलं की माणूस थांबतो आणि आठवू लागतो. आठवून बोलताना तपशील येतात, आणि निर्णय घ्यायला तुम्हाला तेच लागतात.

हे प्रश्न छाप पाडण्यासाठी विचारायचे नाहीत. चांगल्या प्रश्नाने छाप पडते हे खरं, मीही उमेदवाराचे प्रश्न टिपून ठेवते. पण ज्या टीमसोबत तुम्ही पुढची दोन-तीन वर्षं काढणार, तिच्याशी रुजू होण्याआधी बोलायला तुम्हाला हीच काही मिनिटं मिळतात. ती त्यासाठीच वापरा.

एक जुना दाखला देते. ऑगस्ट २००० मध्ये सॉफ्टवेअरवर लिहिणारे अमेरिकी प्रोग्रामर जोएल स्पोल्स्की यांनी सॉफ्टवेअर टीमची पारख करायला १२ प्रश्न मांडले होते, सगळे हो-नाही उत्तराचे. सोर्स कंट्रोल (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) वापरता का? एका पायरीत बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणं) होतं का? बगची नोंद कुठे ठेवता का? रोज बिल्ड करता का? तेव्हा या प्रश्नांनी चांगली टीम आणि विस्कळीत टीम लगेच वेगळी ओळखू यायची. आज त्यातल्या निम्म्यांना सगळेच 'हो' म्हणतात. 'तुम्ही गिट (आजचं सर्रास वापरलं जाणारं सोर्स कंट्रोल) वापरता का?' विचारून काहीच कळत नाही. 'टेस्ट लिहिता का?' यालाही सगळे होच म्हणतात. म्हणून मी हेच प्रश्न घटनेच्या रूपात विचारते.

समोर टीममधला डेव्हलपर असेल तर माझा पहिला प्रश्न ठरलेला: 'तुम्ही लिहिलेला शेवटचा बदल प्रॉडक्शनवर कधी गेला? कोड लिहून झाल्यापासून तिथे पोहोचेपर्यंत काय काय झालं?' (प्रॉडक्शन म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात ती सिस्टिम.) या एकाच प्रश्नात निम्मी कंपनी दिसते. कुणी सांगतं, सकाळी पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) टाकली, दुपारी सहकाऱ्याचा रिव्ह्यू झाला, संध्याकाळी बदल लाइव्ह. कुणी सांगतं, रिव्ह्यूला चार दिवस, मग क्यूएची (सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमची) रांग, मग महिन्यातून एकदा येणारी रिलीजची तारीख, आणि त्या रात्री सगळी टीम जागी. दुसरं उत्तर म्हणजे वाईट कंपनी असं नव्हे. वैद्यकीय उपकरणांचं किंवा बँकेच्या गाभ्याचं सॉफ्टवेअर असेल तर सावकाशपणाला कारण असतं. फक्त ते कारण सांगणाऱ्याला ठाऊक आहे की 'आमच्याकडे असंच असतं' यावरच विषय संपतो, ते ऐका. वाट कशाची बघावी लागली, हे खोदून विचारायला हरकत नाही. माणसाची, मशीनची की कुणाच्या सहीची?

याला जोडून विचारा: 'डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) अर्धवट झालं तर तुम्हाला कसं कळतं?' हा प्रश्न पुस्तकी वाटेल, पण १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीत नेमकं हेच घडलं. नवा कोड आठ सर्व्हरवर जायचा होता, एक राहून गेला. त्या एका सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरी सोडत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. डिप्लॉय दुसऱ्या कुणी तपासावं असा लेखी नियमच तिथे नव्हता. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने गडबडीची खूण असलेले ९७ ईमेल पाठवले होते, पण ते इशारे म्हणून पाठवलेले नव्हते आणि कुणी त्यावर काही केलं नाही. म्हणून मी 'अलर्ट (बिघाडाचे आपोआप येणारे इशारे) आहेत का?' असं विचारत नाही. 'मागचा अलर्ट आला तेव्हा तो कुणी बघितला आणि पुढे काय केलं?' असं विचारते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी याच प्रश्नावर घालवीन: 'तुमची सिस्टिम शेवटची कधी बंद पडली? त्यानंतरच्या आठवड्यात काय झालं?' बंद पडणं गैर नाही, सगळ्यांचं पडतं. 'आमचं कधी पडतच नाही' असं म्हणणारा एकतर नवा असतो किंवा तुमच्याशी मोकळा बोलत नसतो. उत्तरात माणसाचं नाव आधी येतं की कारण आधी येतं, याकडे कान द्या. 'एका ज्युनिअरने चुकीची कमांड चालवली, मग आम्ही त्याचा अॅक्सेस काढून घेतला' हे एक उत्तर. 'चुकीची कमांड चालू शकत होती हेच आम्हाला खटकलं, म्हणून आम्ही अमुक बदललं' हे दुसरं. पहिल्या टीममध्ये उद्या ती कमांड तुमच्या हातून चालली तर काय होईल, याचा विचार करा.

गिटलॅब या कोड साठवायची साइट चालवणाऱ्या कंपनीचं उदाहरण इथे आठवतं. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरकडून रात्री उशिरा, भलत्याच सर्व्हरवर, मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी डिलीट झाली. मग लक्षात आलं की नेहमीचे बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हते, आणि ते फसल्याचे ईमेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हते. त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी एक स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची प्रत) काढून ठेवला होता, त्यावरून साइट उभी राहिली. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने सगळं काम लोकांसमोर थेट प्रक्षेपणात केलं, नंतर सविस्तर लिहिलं, आणि दोष माणसाच्या माथी न मारता प्रक्रियेत शोधला. तुम्ही बॅकएंडवाले आहात, तेव्हा हे जरूर विचारा: 'बॅकअपमधून डेटा परत आणून शेवटचा कधी बघितला होता?' बॅकअप घेतो असं सगळेच सांगतात. परत आणून बघितलेले फार थोडे भेटतात.

ऑन-कॉल (बिघाड झाला तर अवेळीही धावून जायची पाळी) असेल तर आकडे विचारायला लाजू नका. पाळीत किती जण आहेत? मागच्या आठवड्यात किती अलर्ट आले? रात्री किती? रात्री उठलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा आहे का, की सकाळच्या स्टँडअपला (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला) तो हजर लागतो? पाळीत दोनच माणसं असतील तर दर दुसरा आठवडा तुमचा. त्यातलं एक रजेवर गेलं की सगळेच आठवडे तुमचे. हे गणित मुलाखतीतच करा.

मॅनेजरला विचारायचे प्रश्न वेगळे. ही जागा का निघाली? आधी कुणी होतं का, आणि ते आता कुठे आहेत? टीममधलेच दुसऱ्या कामावर गेले असतील तर उत्तम. वर्षात तिसरा माणूस या खुर्चीवर बसत असेल तर कारण समजून घ्या. मग विचारा: 'मागची डेडलाइन कुणी ठरवली, आणि ती हुकतेय असं दिसल्यावर काय केलं?' काम कमी केलं, तारीख पुढे ढकलली, की लोकांना रात्री थांबवलं? बहुतेक ठिकाणी थोडं थोडं तिन्ही होतं. त्यातलं आधी काय झालं, ते ऐका.

आणि माझ्या मते मॅनेजरला विचारायचा सर्वांत मोलाचा प्रश्न: 'टीममधल्या कुणी शेवटचं तुमचं मत बदलायला लावलं, ते कशावरून?' हा मला एका उमेदवाराने विचारला होता. मी त्याला एका डेटाबेसच्या निवडीची गोष्ट सांगितली, आणि पुढची दहा मिनिटं आम्ही त्यावरच बोलत राहिलो. तेवढ्यात त्याला माझ्याबद्दल जे कळलं ते कंपनीच्या वेबसाइटवर कधीच कळलं नसतं. मलाही त्याच्याबद्दल बरंच कळलं. ज्या मॅनेजरला असा एकही प्रसंग आठवत नाही, त्याच्या हाताखाली वाद घालून काही बदलेल अशी आशा मी तरी धरणार नाही.

बढतीचंही तसंच. 'वाढीच्या संधी काय आहेत?' विचारलं की पायऱ्यांचा तक्ता दाखवतात. 'तुमच्या टीममध्ये शेवटची बढती कुणाला मिळाली, आणि त्यांचं कोणतं काम बघून मिळाली?' असं विचारा. नाव सांगायला नको, काम सांगितलं तरी पुरे. आग विझवणाऱ्यालाच बढती मिळते की आग लागू न देणाऱ्यालाही, ते इथे उघड होतं.

एकच प्रश्न दोघांना विचारा. हे मी ठरवून करते. एका ठिकाणी डेव्हलपर म्हणाला, 'पुढचं वर्ष जुनी सिस्टिम मोडून नवी बांधण्यात जाणार.' तासाभराने त्याच टीमचा मॅनेजर म्हणाला, 'नवी फीचर्स, जुन्याला हात लावायचा नाही.' दोघंही मनापासून बोलत होते. मी ती ऑफर घेतली नाही, कारण त्या दोघांच्या मधली जागा माझी असणार होती.

एआय टूल्सबद्दल आता विचारायलाच हवं, पण 'वापरता का?' एवढंच नको. त्याने लिहिलेला कोड कोण तपासतं, आणि त्यातून बग आला तर निस्तरायची जबाबदारी कुणाची, हे विचारा. टीमने यावर आपसात बोलून काही ठरवलंय की ज्याचं त्याने बघायचं, तेवढं कळलं तरी पुष्कळ.

पगार, शेअर आणि बाकी लाभ हे एचआरशी बोला, तेही शक्यतो ऑफर हातात आल्यावर. स्टॉक ऑप्शन (ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर विकत घ्यायचा हक्क) देत असतील तर नुसत्या संख्येला अर्थ नाही. कंपनीचे एकूण शेअर किती, तुमची खरेदीची किंमत किती, आणि नोकरी सोडल्यावर ते विकत घ्यायला किती दिवस मिळतात, हे तिन्ही लेखी मागा. चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळणं आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत सोडल्यास काहीच न मिळणं, ही रचना सर्रास आढळते. सोडल्यावर खरेदीसाठी ९० दिवसांची मुदतही अनेक ठिकाणी असते, आणि ती फार कमी लोक आधी वाचतात.

विचारण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. मुलाखतीत सहसा पाच-दहा मिनिटं मिळतात, त्यात वरचं सगळं बसणार नाही. प्रत्येक माणसासाठी दोनच प्रश्न निवडा आणि उत्तरातून निघणारा तिसरा तिथेच विचारा. कागदावर लिहून नेलेले चालतात, वही उघडून बसलेला उमेदवार मला तयारीचा वाटतो. सूर उलटतपासणीचा नको, उत्सुकतेचा ठेवा. 'माहीत नाही, मी इथे नवीन आहे' हे प्रामाणिक उत्तर आहे, त्याला धरून बसू नका. काही गोष्टी गोपनीय असतात, तेही मान्य करा. पण दर प्रश्नाला गोपनीयता आडवी येत असेल तर तेही टिपून ठेवा. वेळ संपली तर रिक्रूटरला सांगा की निर्णय घेण्याआधी टीममधल्या एखाद्याशी अर्धा तास बोलायचंय. ऑफर दिल्यानंतर ही मागणी सहसा नाकारत नाहीत, कारण आता त्यांना तुम्ही हवे असता. मी तर डेडलाइन आणि ऑन-कॉलचे टोकदार प्रश्न त्याच अर्ध्या तासासाठी राखून ठेवते.

आता रजा आणि कामाचे तास. विचारा, वाईट दिसत नाही. पहिल्याच फेरीत पहिलाच प्रश्न तो नसावा, इतकंच. आणि तोही घटनेच्या रूपात विचारा: 'तुम्ही स्वतः शेवटची सलग आठवडाभर रजा कधी घेतलीत? त्या काळात कामाचे फोन आले का?' हा प्रश्न एचआरला नको, टीममधल्या माणसाला विचारा. वर्षाला किती रजा मिळतात ते ऑफर लेटरमध्ये असतंच. घेता किती येतात ते त्यालाच ठाऊक असतं. एवढ्या प्रश्नावरून कुणी तुम्हाला नापास केलं, तर त्या टीममध्ये रजा मागताना काय झालं असतं तेही तुम्हाला आधीच समजलं.